पान अकरावरची मगर

वाचकहो, तुमच्या भिंतीवरची पाल काय खाते हे तुम्हाला ठाऊक आहे. काटेरी वईवरचा सरडा काय खातो तेही ठाऊक असेल. पण तुमच्या घरची भांडी वर्षानुवर्षे ज्याने कल्हईने उजळून दिली, त्या माणसाचे नाव तुम्हाला ठाऊक आहे काय?

नसेल तर माझ्यासारखेच तुम्ही. मी तर एकदा ते नाव ठाऊक असून लिहिले नाही. त्याचीच ही हकीकत. पण ती मी तुम्हाला सांगणार नाही, ज्यांची आहे त्यांनाच सांगणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

रहमतचाचा, तुमच्या चाळिसाव्याचा फातिहा अजून व्हायचा आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे. मी तुमच्याशी भांडणार आहे. आपले भांडण अर्धे राहिले, आणि तुम्ही ते मुद्दाम अर्धे ठेवून गेलात असा माझा आरोप आहे.

मी पत्रकांवर वाढलेला. बाकीची मुले पाटीवर अक्षरे शिकली, मी दारूबंदीच्या पत्रकावर शिकलो. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत स्वदेशी, देवीची लस, बालविवाह, हुंडा अशा विषयांची चोपडी खच्चून भरलेली होती. ‘बंधूंनो, जागे व्हा!’ हे मला वाचता आलेले पहिले वाक्य. आई सांगते, दुपारी झोपलेल्या पाहुण्यांनाही मी तेच म्हणून उठवीत असे.

तुम्ही शहाद्यात आमच्या दारापुढच्या निंबाखाली भाता मांडून बसला होतात, त्या दिवशी आईच्या खांद्यावर पाल पडली. आई आंघोळीला पळाली. मी उंबऱ्यावर उभा राहून भाषण सुरू केले. पाल अंगावर पडल्याने काही होत नाही! ती किड्यामागे धावते, पाय सुटतो, पडते! शकुन नाही, अपशकुन नाही, हे गुलामगिरीचे लक्षण आहे! ऐकायला गल्लीत तुम्ही एकटेच होतात. तुम्ही भाता न थांबवता म्हणालात,

“पंडित, पाल पडनी ते मी देखं. पन ती काबरं पडनी? तुन्ही माय घर इतकं झाडस का छतवर एक किडा ऱ्हात नई. उपाशी शे बिचारी. चक्कर उनी तिले.”

मी तुम्हाला सरपटणाऱ्या प्राण्यांचे वर्गीकरण समजावू लागलो. धुळ्याहून एक प्राणिशास्त्राचे पुस्तक आणले होते आणि त्याचा अर्धा भाग मला पाठ होता. तुम्ही म्हणालात, यात समजावण्यासारखे काय आहे, त्या चार बहिणी आहेत.

“पाल धाकली. तिले घरमा दिधी, ती किडा-मच्छर खास. सरडीले वईवर दिधी, ती मुंग्या खास. घोरपडले बांधवर दिधी, तिले अंडा लागस, उंदीर लागस. आनि थोरलीले नदीमा दिधी. ती मगर. जिले जठे दिधी, ती तठलं खास.”

“चाचा, मगर ही पालीची बहीण नाही! पालीच्या हृदयाला तीन कप्पे असतात, मगरीच्या हृदयाला चार! तिचे नाते पाखरांशी जवळचे आहे, असे विद्वान म्हणतात!”

“चार खोल्या?” तुम्ही पातेले पाण्यात बुडवले, ते चुर्रर्र झाले. “मंग ती पाटील व्हई. आम्हना घरमा दोनच शेतस.”

तेव्हा मला तुमचा फार राग आला. ज्याला शास्त्राची एक ओळ वाचता येत नाही, त्या माणसाला सगळ्यांच्या खाण्याची इतकी बारीक माहिती कशी, हे मला पुढे कळले. कल्हईवाल्याला सगळ्या मुलखाचे पोट ठाऊक असते. तापीकाठच्या गुजरांच्या गावांपासून डोंगरातल्या मोलगीच्या बाजारापर्यंत तुम्ही भाता घेऊन हिंडत होतात. पातेले आगीवर ठेवले की वर्षभर त्यात शिजलेले सगळे वास वर येतात. कोणाकडे काय शिजते, कोण काय लपवून खाते, सणाला काय आणि सुतकात काय, सारे तुमच्या नाकाला कळत असे. नाक हलायचे, मिशीत हसू यायचे, आणि तोंड बंद. “हे कोणाचे पातेले?” असे मी विचारले की तुम्ही म्हणायचात, “भांडं चमकाडनं मन्हं काम. वास गाववर वाटनं मन्हं काम नई.”

यावर मी तुम्हाला सत्यावर एक लांबलचक व्याख्यान दिले होते. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलेत, आणि तेवढ्या वेळात तीन तांब्ये उजळून दिलेत.

सांड्याच्या तेलाचा तो माणूस आठवतो ना? शहाद्याच्या बाजारात चटई टाकून बसलेला. टोपलीत पाय बांधलेले चार-पाच सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे जाडे सरडे, बाटल्यांमध्ये पिवळे तेल, आणि गळ्यात दहा माणसांचा आवाज. “ये सांडा साँप खाता है, बिच्छू खाता है! इसीलिये इसके तेल में ताकद है!” माझ्याने राहवेना. मी पुढे होऊन ओरडलो, “बंधूंनो, खोटे आहे! हा प्राणी पालापाचोळा खातो!” तो म्हणाला, “तू क्या इसके साथ थाली में बैठा था?” आणि सगळा बाजार मला हसला. मी पुस्तकाचे नाव सांगितले, लोक आणखी हसले. तुम्ही गर्दीतून पुढे आलात. शेजारच्या बैलगाडीतून मूठभर लसूणघास उचललात आणि टोपलीपुढे धरलात. सांडा दोन दिवसांचा उपाशी असावा. तो गाल फुगवून, डोळे मिटून असा चघळू लागला, जणू सासुरवाडीला आलेला जावई. तुम्ही एवढेच म्हणालात, “हाऊ तर आम्हना गोऱ्हाना भाऊ निंघना!”

पाच मिनिटांत चटई गुंडाळली गेली. त्या रात्री मी वहीत लिहिले, ‘आज बाजारात सत्याचा विजय झाला.’ तुमचे नाव तिथेही लिहिले नाही, हे आत्ता वही काढून पाहिले तेव्हा दिसले.

मग डोहाचे प्रकरण. तापीकाठच्या एका गुजरांच्या गावाखाली खोल डोह, डोहात मगर. गाव तिला मोठीमाय म्हणे. केळीचा पहिला घड उतरला की त्यातली एक फणी डोहाकाठच्या खडकावर ठेवायची, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवशी खडकावर फक्त साली. तिने गावच्या कोणाला कधी नख लावले नव्हते. गाव कांद्यालाही विचार करून हात लावणारे. तेव्हा त्यांनी साधा हिशेब मांडला होता, मोठीमाय शाकाहारी आहे, आपल्यातलीच आहे.

हे ऐकून माझी झोप उडाली. सत्य उघड्यावर पडले आहे आणि त्याच्यावर केळ्याच्या साली टाकल्या जात आहेत! मी तीन दुपारी चिंचेवर चढून बसलो. तिसऱ्या दुपारी वानर आले, खडकावर बसले, माझ्याकडे पाहत पाहत सगळी फणी संपवली आणि शेवटची साल मला फेकून मारली. मी धावत गावात आलो. तुम्ही पाराजवळ भट्टी पेटवून बसला होतात.

“चाचा, वानर! केळी वानर खाते! मगर नाही!”

तुम्ही नवसागराची चिमूट तापल्या भांड्यात टाकली. पांढरा धूर उठला, तुम्ही दिसेनासे झालात. धुरातून आवाज आला,

“केळं वांदरनी खादं. बरं. त्या वांदरले एक दिन मगर खाई. मंग केळं कोना पोटमा गयं?”

“हे शास्त्र नाही, चाचा!”

“नई ऱ्हायनं. पन केळं तर गयं ना?”

यावरचे उत्तर मी छापूनच द्यायचे ठरवले. म्हणून मी पुस्तिका लिहिली. ‘सरडा, पाल आणि मगर : सत्य काय?’ नंदुरबारच्या छापखान्यात छापून घेतली. पान अकरावर मी लिहिले की मगर मासे, बेडूक, कासव, कुत्रे आणि पाण्यावर आलेले वासरू खाते. ती केळे खात नाही. आणि त्याखाली लिहिले, ‘एक अडाणी कल्हईवाला म्हणतो की मगर ही पालीची थोरली बहीण! असल्या अज्ञानाची कीव करावी तितकी थोडी.’

छापील अक्षरात ते मला फार सुंदर दिसले होते. वाचकहो, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही.

गावाच्या पारावर मी स्वतः ती पुस्तिका मोठ्याने वाचली. तुम्ही तेव्हा डोंगराकडे गेला होतात. मला वाटले होते, गाव जागे होईल. गाव जागे झाले, पण भलतीकडून. एकाला सहा वर्षांपूर्वी हरवलेले वासरू आठवले. एकाला कुत्रा आठवला. एकाला पुरात वाहून गेलेली वहाण आठवली. माहेरी जाऊन बसलेली बायकोही मगरीनेच नेली असावी, असे एकजण बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून बाया धुण्याला नदीवर जाईनात. पाटलांनी कलेक्टरसाहेबाकडे अर्ज केला की गावाखालचे हिंस्र जनावर मारून द्यावे, आणि पुरावा म्हणून माझी पुस्तिका जोडली.

“पाटील, तिने कोणाला काय केले आहे?” मी विचारले.

“आते ते तू इचारस?” पाटील म्हणाले. “तूच लिखेल शे ना भाऊ, कुत्रा खास, वासरू खास? सत्य शे म्हनस ना? सत्य व्हई तर गोळी लागी.”

शिकारीचा शौक असलेला एक गोरा साहेब कोसभरावर तंबू ठोकून होता. त्याला परवाना मिळाला. ज्या मगरीला खोट्याने इतकी वर्षे जगवले, ती माझ्या सत्यामुळे दोन दिवसांत मरणार होती. पेटीतल्या एकाही पत्रकात यावर उपाय दिलेला नव्हता. मी सगळी पाहिली.

त्याच संध्याकाळी तुम्ही डोंगरातून परतून, पाटलांचे गाव करून, आमच्या घरी आलात. खांद्यावर भाता नव्हता. बसलात आणि म्हणालात, “तुन्ही चोपडी माले वाची दाखाड. पह्यलाथून.”

मी वाचू लागलो. पाल आली, सरडा आला, घोरपड आली. तुम्ही मान हलवत होतात. पान दहा उलटले आणि मी हळूहळू वाचू लागलो. मासे, बेडूक, कासव. पुढची ओळ. मी, ज्याने बाजारात, पारावर, आईच्या आंघोळीच्या वेळीसुद्धा सत्य सोडले नव्हते, तो मी पुस्तकात पाहत म्हणालो, “शहाद्याचे रहमतचाचा म्हणतात की मगर ही पालीची थोरली बहीण.”

तुम्ही पुढे सरकलात. “मन्हं नाव? छापामा?”

“हो.”

“कठे?”

मी तुमचे बोट धरले आणि ‘एक अडाणी कल्हईवाला’ या शब्दांवर ठेवले. तुमच्या बोटाची काजळी कागदावर उमटली. तुम्ही बोट तिथेच ठेवलेत. मग म्हणालात, “वाच, मोऱ्हे वाच.”

पुढे पान बारा होते. तिथे लिहिले होते की मगरीचा एक चुलतभाऊ आहे, त्याला अ‍ॅलिगेटर म्हणतात. त्याचे तोंड रुंद, तो अमेरिकेत असतो, थोडा चीनमध्ये. हिंदुस्थानात मुळीच नाही. तुम्ही हात वर केलात.

“थांब. पाटीलना कारकून तो परवाना वाची ऱ्हायंता, त्यामा कोनं नाव व्हतं?”

मी आठवून पाहिले. परवान्यात लिहिले होते, ‘एक अ‍ॅलिगेटर’. हे साहेब लोक इकडच्या मगरीला सर्रास अ‍ॅलिगेटर म्हणतात.

“मंग त्याले सांग, तो अमेरिकामा जाईसन मार.”

चाचा, माझ्या सगळ्या शिक्षणाचा एवढा उपयोग कोणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आपण दोघे डोहावर गेलो. साहेब बंदूक घेऊन बसला होता, समोर खडकावर मोठीमाय ऊन खात पडली होती. त्या गोऱ्याला तोंडावर ‘आमचा देश सोडून जा’ असे म्हणायची संधी मी कित्येक वर्षे शोधीत होतो. ती संधी आली, आणि मला दातांवर बोलावे लागले. मी सांगितले, कारकुनाने त्याच्या भाषेत सांगितले: तोंड मिटल्यावर खालचा चौथा दात बाहेर दिसला तर ती मगर; दिसला नाही तर अ‍ॅलिगेटर. परवाना अ‍ॅलिगेटरचा आहे. ही मगर आहे. साहेबाने पाइप काढला, माझ्याकडे पाहिले, दुर्बीण मागवली. चुकीच्या नावाचे जनावर भिंतीवर लावणाऱ्यातला तो नव्हता.

पण मोठीमाय तोंड मिटेना! उन्हात ती आ वासून पडते, हे मी पान नऊवर लिहिले होते आणि विसरलो होतो. एक तास गेला. दोन तास. साहेबाच्या मानेला रग लागली. कारकून जांभया देऊ लागला, मग तो आणि मगर दोघेही आ वासून. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, “तिले भाषन दे तुन्हं. आपसूक तोंड मिटी.”

ऊन उतरले तेव्हा ती उठली, पाण्याकडे सरकली, आणि बुडता बुडता तिने तोंड मिटले. दात दिसला. पांढराशुभ्र, बाहेर. साहेब एकच शब्द बोलला. कारकून म्हणाला, “साहेब म्हणतात, मुलगा बरोबर आहे.” तो गोरा इतका प्रामाणिक निघाला की मला त्याचा राग येईना, आणि याचाच मला फार राग आला. परवाना दुरुस्तीला गेला, तंबू हलला, तापीला पूर आला. दुरुस्त कागद अजून यायचा आहे.

राहिले पाटील. ते म्हणाले, साहेब गेला तरी जनावर हिंस्रच. तुम्ही त्यांच्या ओट्यावर टेकलात.

“पाटील, तुमना दारवर ती काय खास? केळं. दुसराना दारवर काय खास ते आपन कसाले इचारो? तुमना पोऱ्या मुंबईले जास, तठे काय खास, कधी इचारं का?”

“मन्हा पोऱ्या तसा नई!”

“नई ना. मी कोठे म्हनस?” तुम्ही उठलात, दोन पावले गेलात आणि वळलात. “आनि हां, पाटील, ते खोकलाना औषधनं पातेलं, मळामा ऱ्हास ते. आनी देज्या. कल्हई उतरी गई व्हई.”

पाटलांना जोराचा खोकला आला. दुसऱ्या दिवशी खडकावर एक सोडून दोन फण्या होत्या. त्या पातेल्यात खरोखर काय शिजे हे मला पुढे सहा महिन्यांनी कळले, तेही तुमच्याकडून नाही.

त्यानंतर तुम्ही पुस्तिका मागून घेतलीत. नवसागराच्या डबीशेजारी, फडक्यात गुंडाळून, गावोगाव नेलीत. “यामा मन्हं नाव शे, पान अकरा,” असे म्हणून उघडून दाखवायचात. मी हे ऐकले की वाट बदलायचो. कोणी वाचून दाखवले तर? सांगून टाकावे म्हणून मी चार वेळा तुमच्या भट्टीपाशी आलो. एकदा तर तोंड उघडलेही. तुम्ही म्हणालात, लढाईमुळे कल्हईचे कथील मिळेनासे झाले आहे, आणि मी लगेच कथलावर बोलू लागलो. दोन वर्षे मी कथलावर, पावसावर, मगरीच्या दातांवर बोललो.

परवा चाचींकडे गेलो. त्यांनी फडके सोडून पुस्तिका माझ्या हातात दिली. पान अकरा आपोआप उघडले. तिथे तुमचे बोट उमटलेले होते, तसेच. मी चाचींना सगळे सांगून टाकले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या,

“बेटा, ये तो उन्होंने पहले ही हफ्ते में दर्जी से पढवा लिया था.”

“मग?”

“हँसे. बहोत हँसे. बोले, लडका झूठ बोला, लेकिन बोलते बखत उसके कान लाल हुए थे. आज मुँह पे मेरा नाम आया, कल छापे में भी आएगा. थोडा टाइम दो उसको.”

म्हणजे गावोगाव पान अकरा उघडून तुम्ही माझी वाट पाहत होतात. आणि मी कथलावर बोलत होतो.

चाचा, केळ्याच्या वादात मी अजून हटलेलो नाही. वानराच्या पोटातले केळे मगरीच्या आहारात धरता येत नाही. तुम्ही असतात तर आणखी दहा वर्षे यावर भांडलो असतो. काल डोहावर जाऊन मी एक फणी ठेवून आलो. शास्त्रासाठी नाही. रीत आहे म्हणून.

वाचकहो, आता तुमचे काम. ती पुस्तिका तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. मीच गळ्यात मारली होती. ती काढा, दौत-टाक घ्या, पान अकरा उघडा. ‘एक अडाणी कल्हईवाला’ हे शब्द खोडा आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहा: ‘शहाद्याचे रहमतचाचा’. अज्ञानाची कीव करणारे पुढचे वाक्य पूर्ण खोडा. ते ज्याला लागू होते त्याने ते वाचले आहे. ‘मगर ही पालीची थोरली बहीण’ हे मात्र राहू द्या. ते चूक आहे, पण ते त्यांचे मत आहे आणि त्यांच्या नावावर राहिले पाहिजे.

आणि ज्यांच्याकडे पुस्तिका नाही, त्यांनी एवढे करा. पुढच्या खेपेला दारापुढे कोणी भाता मांडून बसला की आधी त्याचे नाव विचारा. पातेले मग द्या.